येरमाळ्याचं अर्धं तिकीट

आमच्या मालकिणीनं, म्हंजे बायकोनं, आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बियाणाच्या शेंगा फोडणं. उंबऱ्यात बसून अर्धं पोतं केलं. ती म्हणाली, "औंदा तरी येरमाळ्याला न्या. खडे वेचायचे राहिलेत." मी म्हणालो, "बघू." तिसऱ्या दिवशी ती गेली. उरलेलं पोतं कोपऱ्यात टाकलं. आता पेरायचंच न्हाय, तिच्यामागं लौकर जायचं, हेच डोक्यात. तिला वाट बघणं लई जड जायचं, आणि मी जन्मभर तेच करायला लावलं.

चैतात एकटाच निघालो. तेरहून धाराशिव, तिथून येरमाळ्याची एसटी. पंचाहत्तरीपुढं मला तिकीट न्हाय, म्हणून दोघं असताना मी तिचंच अर्धं काढायचो. सवयीनं तोंडातून गेलं, "येरमाळा, बाईचं एक."

कंडक्टरनं तिकीट दिलं. "बाई कुठंयत, आजोबा?"

माझा हात शेजारच्या जागेकडं गेला. शेजारची तरणी बाई म्हणाली, "मीच की! आणा इकडं." पैसे देऊ लागली, मी घेतले न्हाईत. शबाना नाव तिचं. येरमाळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. मांडीवरच्या पुस्तकात काळं गोल चित्र.

"ह्यो तवा कसला, बाई?"

ती खळखळून हसली. "कृष्णविवर, बाबा. मेलेल्या ताऱ्याचं लई जड, काळं भोक. त्याच्याजवळ गेलेल्याचा वेळ हळू चालतो. तो घटकाभर थांबला, तर इकडं आपली वर्षं जातात."

"घड्याळ बिघडतं व्हय?"

"घड्याळ न्हाय, वेळच सावकाश."

"मग तिथं कुणी वाट बघत बसलं तर?"

तिनं हातातल्या तिकिटाकडं बघितलं. "त्याला लई वेळ वाटायचा न्हाय, बाबा. वाट बघायची ती इकडच्यांनी."

मालकीण काय भोकात गेलेली न्हाय; तिची राख मी ह्या हातानं तेरणेच्या पाण्यात सोडली. एवढा खुळा न्हाय मी. तरी छातीवरचा धोंडा हलला.

येरमाळ्याला उतरलो. चुन्याच्या रानात ऊन तापलं होतं. यात्रेकरू चुनखडीचे पाच-पाच खडे वेचतात आणि ढिगावर टाकतात. मी दहा वेचले. तिचे पाच आधी टाकले. एका अनोळखी बाईनं भाकरीवर शेंगदाण्याची चटणी दिली; कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो. येडेश्वरी देवीपुढं काही मागितलं न्हाय, नुसते हात जोडले.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मोकळी ठेवून बसलो. त्या शबानाबाईचं भलं होवो. मालकिणीला तिथं घटकाभरच बसायचंय. मला घाई करायचं कारण उरलं न्हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोतं उंबऱ्यात ओढलं आणि उरलेल्या शेंगा फोडायला बसलो.