कासवाला तेलाचा वास

माझा मावसभाऊ नोकरीसाठी परदेशी गेला आणि जाताना आपलं कासव सगळ्या कागदपत्रांसकट आमच्या अमरावतीच्या घरी सोडून गेला. दमट जंगलातली परदेशी जात. पायांवर लाल ठिपके, आकार साधारण फोडणीच्या कढईएवढा. भावाने बजावलं होतं, की याला ऊब हवी आणि हवेत ओलही हवी. नुसती ऊब दिली तर कोरडं पडेल, नुसती ओल दिली तर सर्दी होईल.

उन्हाळ्यात ओलीचीच चिंता होती. ऊब आमच्याकडे फुकट मिळते. थंडी पडली तेव्हा माझ्या नवऱ्याने मधल्या खोलीत लाकडी पेटी केली. तळाशी नारळाचा भुसा, वर झाकण, एका कोपऱ्यात उष्णतेचा दिवा आणि आत तापमान व आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र. सकाळ-संध्याकाळ मी भुशावर पाणी फवारायची.

मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हे थेर पसंत नव्हते. चांदूर बाजारकडची शेती धाकट्या दिरावर सोपवून ते आमच्याकडे राहायला आले होते. पेटी पाहून म्हणाले, "वावरात दगडं कमी होते काय, म्हून घरात आनला?"

पहिले काही दिवस सगळं ठीक चाललं. मग रोज मी कामावरून परत आले की यंत्रावर दोन्ही आकडे उतरलेले. ऊबही कमी, ओलही कमी. कासव भुशात तोंड खुपसून बसलेलं. पपईची फोड पुढे ठेवली तरी डोळा उघडेना. एक दिवस त्याच्या नाकातून बुडबुडे आले आणि माझा धीर सुटला. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून विचारलं, "झाकण उघडं राहतं का?"

"नाही हो, बंद करूनच जाते."

"मग ऊब जाते कुठे?"

नवरा बडनेऱ्याला रेल्वेत तंत्रज्ञ. त्याच्या हाताखाली इंजिनं सुरू होतात आणि घरातली पेटी त्याला जुमानेना. त्याने दिवा बदलला, यंत्र बदललं, फटींना रबर लावलं. मामाजी खुर्चीत बसून गंभीरपणे सल्ले देत होते. "वायरिंगच खराब हाये. मी तं आधीच म्हनत होतो." त्या सल्ल्यावर नवऱ्याने अख्ख्या खोलीची वायरिंग उसवून पुन्हा केली.

मग एका संध्याकाळी कासवाला कोमट पाण्यात बसवायला मी उचललं, आणि मला शिंक आली. कासवाला वास येत होता. निलगिरी, कापूर, आणखी काहीतरी झणझणीत. मी कवच नाकाशी नेऊन पुन्हा हुंगलं. हा वास आमच्या घरात एकाच ठिकाणी येतो: मामाजींच्या गुडघ्यांना!

मी नवऱ्याला काहीच बोलले नाही. जेवताना वरण वाढता वाढता सहज म्हटलं, "डॉक्टर म्हणत होते, हा नवा दिवा कासवापुरताच चांगला. माणसाच्या अंगावर पडला की तिथली कातडी टणक होते. हळूहळू कवचच धरतं म्हणे."

नवरा माझ्याकडे बघत राहिला. मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. मामाजींनी भाकरीचा घास तसाच धरून ठेवला, मग खाली बघून जेवू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. थोडा वेळ खाकरले.

"सूनबाई, ते कवच धराले किती दिवस लागते म्हने?"

"कोणाला, मामाजी?"

"कोनाले म्हन्जे? सहज इचारून राह्यलो."

"दिव्याखाली रोज किती वेळ बसतात, त्यावर आहे."

"अन् समज, दुपारचं जेवन झाल्यावर… चहा होईपर्यंत?"

मला हसू आवरेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काय ते समजले.

"लबाड हायेस तू," ते म्हणाले. मग स्टुलावर बसून सगळं सांगितलं. थंडीने गुडघे आखडायचे. दुपारी घरी कोणी नसताना ते झाकण काढायचे, गुडघ्यांना तेल चोळायचे आणि दोन्ही पाय दिव्याखाली सोडून पेपर वाचायचे. कासवाला बाजूला सारायचे. "अंगावर चढून राह्यला होता, मी काय करू?"

"त्याला सर्दी झाली ना हो तुमच्यामुळे!"

यावर मात्र त्यांचा चेहरा पडला. "मले काय मालूम? मले वाटलं, झोपून राह्यला बापा."

त्याच संध्याकाळी नवऱ्याने औषधांच्या दुकानातून सांधे शेकायचा लाल दिवा आणला आणि त्यांच्या खुर्चीपाशी लावून दिला. वायरिंगबद्दल तो वडिलांशी दोन दिवस बोलला नाही. फवारणीचं काम मामाजींनी स्वतःहून मागून घेतलं. डॉक्टरांच्या औषधाने आणि बंद झाकणाने कासव हळूहळू सावरलं. पहिल्यांदा त्याने पपई खाल्ली तेव्हा मामाजींनी मला भर कामात फोन केला, "खाल्ली वं! सालटासकट खाल्ली!"

आता आम्हालाच पेटीजवळ जायची चोरी झालीये. परवा त्यांचा जुना दोस्त गावाकडून भेटायला आला आणि बघायला म्हणून त्याने झाकण जरासं उचललं. मामाजी खुर्चीतूनच कडाडले, "ठेव ते खाली! ओल पळून राह्यली ना सारी!"

दोस्त बिचारा घाबरून म्हणाला, "कोन पळून राह्यली?"