पांढऱ्या दगडांच्या ओळीपलीकडे

फ्रीमाँटमधल्या आमच्या कॉम्प्लेक्समध्ये एकनाथ साळवी राहायला आल्यापासून तिथे साधा फ्यूजसुद्धा उडालेला नाही, आणि त्याचं श्रेय ते स्वतःकडे घेत नसले तरी मी त्यांना देते. ताक फुंकून पिणारी माणसं जगात पुष्कळ असतात, पण त्यांचं कधीतरी दुधाने तोंड पोळलेलं असतं. साळवी भावोजींचं कधी काही पोळलेलं नव्हतं. ते जन्मापासूनच फुंकत आले होते. दर रविवारी सकाळी गाडीच्या चारही चाकांची हवा तपासायची, फ्रीवेवर उजवी लेन सोडायची नाही, भूकंप झाला तर हाताशी असावेत म्हणून पलंगाखाली बूट आणि टॉर्च. मंडळाच्या गणपतीत आरती सुरू झाली की हे गृहस्थ टाळ घेऊन आग विझवायच्या सिलिंडरशेजारी उभे. त्यांची बायको कांचन माझी जिवाची मैत्रीण. ती म्हणते, "लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा मी यांच्याकडे बघितलं, तर हे मांडवाच्या खांबाकडे बघत होते."

नोकरीही देवाने त्यांना साजेशीच दिली होती. कॉम्प्युटरच्या चिप्स बनवणाऱ्या एका कंपनीत चांगल्या चिप्स तापवायच्या, गोठवायच्या, आणि त्या कुठे दगा देतात ते शोधून काढायचं. दिवसभर हेच केल्यावर माणसाला घरी आल्यावरही प्रत्येक गोष्ट कुठे मोडेल तेच दिसणार. मी त्यांची थट्टा करते, पण आमच्या कॉम्प्लेक्समध्ये कोणाचंही पोर आजारी पडलं की पहिला फोन त्यांनाच जातो. माझ्याही पोराच्या वेळी गेला होता.

अशा माणसाच्या पोटी देवयानी जन्मली. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला तिने कॉलेज सोडलं आणि ती सिएरा पर्वतरांगेच्या पूर्वेला डोंगरात जाऊन राहिली. काम काय, तर टूरिस्टांना उघड्या जीपमध्ये घालून जिथे रस्ता नाही तिथून ज्वालामुखीच्या प्रदेशात न्यायचं आणि उकळत्या पाण्याचे झरे दाखवून संध्याकाळी परत आणायचं. मंडळात कोणी विचारलं की भावोजी म्हणायचे, "ती जिऑलॉजीत आहे." हे खोटं नव्हतं, पण ऐकताना मला हसू यायचं. दोन वर्षं ते तिच्याकडे एकदाही गेले नाहीत. रागावले होते असं लोक म्हणत. मला विचाराल तर ते घाबरले होते. राग नुसता वरवरचा होता.

२००५च्या उन्हाळ्यात शेवटी देवयानीनेच तोड काढली. फोनवर म्हणाली, "बाबा, एक दिवस या. माझी टूर करा. संध्याकाळी पण तुम्हाला वाटलं की हे काम सेफ नाही, तर मी तुमच्याबरोबर घरी येते. कॉलेज फिनिश करते. नो आर्ग्युमेंट्स." भावोजींनी फोन ठेवला तेव्हा कोर्टात केस जिंकल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. मुलगी घरी येणार हे त्यांनी धरूनच टाकलं, तिची खोली व्हॅक्यूम करून घेतली. कांचन मात्र मला म्हणाली, "विनीता, तू चल. या दोघांमध्ये मी एकटी पुरी पडणार नाही." मला डोंगर-बिंगर फार आवडत नाहीत, पण भांडण बघायला मी कुठेही जाते.

टायोगाचा घाट उतरून आम्ही टूरच्या आदल्या दिवशी मुक्कामाला पोचलो. सकाळी देवयानी जीप घेऊन मोटेलवर आली. उन्हाने रापलेली, केसांना फडकं बांधलेलं, दंडांवर ओरखडे. बापाला वाकून नमस्कार केला, मला मिठी मारली. पक्की सडक संपली तिथे तिने गाडी थांबवली, खाली उकिडवी बसली आणि चाकांतली हवा सोडायला लागली.

भावोजी गाडीतून अक्षरशः पडले. "देवू! अगं, काय करतेस?"

"एअर डाउन करतेय, बाबा. पुढे सॉफ्ट पमिस आहे, फेसाळ दगडाचा भुगा. टायर हार्ड असला तर खाली रुततो. सॉफ्ट असला की पसरतो, वरून जातो."

"पण किती सोडणार? टायरच्या साइडवॉलवर किती लिहिलंय बघितलंस का?"

"बाबा, प्लीज. लेट मी डू माय जॉब."

ते चारही चाकांभोवती फिरून आले. रविवारची पूजा कोणी पायाने उडवून लावावी तसा त्यांचा चेहरा होता. मी कांचनच्या कानात म्हटलं, "तुझी मुलगी हरली बघ. नऊ वाजायच्या आतच."

पण त्यानंतर जे सुरू झालं, त्याने माझीच बोलती बंद झाली. पाइनचं जंगल संपलं आणि समोर करडं-पांढरं मैदान पसरलं. गवताची काडी नाही, पाखराचा आवाज नाही, मध्येच एखादं झाड उभं, आणि त्या सगळ्याच्या मागे बर्फाचे पट्टे असलेले डोंगर. देवयानी हळूहळू, चाकांना वाट विचारल्यासारखी चालवत होती. एका काळ्या टेकडीपाशी तिने आम्हाला उतरवलं. ती सगळी टेकडी काचेची होती. लाव्हा थिजून झालेली काळी, तकतकीत काच, घराएवढी तिची ढेकळं, आणि उन्हात ती इतकी चमकत होती की मला हात लावायला भीती वाटली. पुढे एक धोंडा दाखवून ती वडिलांना म्हणाली, "बाबा, हा उचला." भावोजी पाठीला त्रास होऊ नये म्हणून गुडघ्यांत नीट वाकले, दम धरला, जोर लावला, आणि तो धोंडा उशीसारखा अलगद वर आल्यामुळे तोल जाऊन मागे बसले. फेसाचा दगड, आत नुसती हवा. आम्ही तिघी हसलो. तेही हसले, हे मी मुद्दाम नोंदवते.

दुपारी एका उंच धारेवर बसून आम्ही कांचनने फ्रीमाँटहून बांधून आणलेल्या दशम्या आणि लसणीची चटणी खाल्ली. मी विचारलं, "अगं, तो तुझा ज्वालामुखी कधी दाखवणार?"

देवयानीने हात लांब करून एका क्षितिजापासून दुसऱ्या क्षितिजापर्यंत फिरवला. "हा काय, मावशी. ते डोंगर ते हे डोंगर, ऑल ऑफ इट. सगळी व्हॅली म्हणजे एकच व्होल्कॅनो. सात लाख वर्षांपूर्वी उडाला, राख नेब्रास्कापर्यंत गेली. आपण आत बसलोय."

माझ्या हातातली दशमी हातातच राहिली. सकाळपासून मी टोकदार डोंगर शोधत होते आणि आम्ही त्याच्या पोटात बसून चटणी खात होतो. आपण महाराष्ट्रातली माणसंही लाव्ह्यावरच जन्मतो, पण आपला कातळ थंड होऊन युगं लोटली. इथे खाली अजून चूल पेटलेली होती. इतकं मोठं काही मी आयुष्यात बघितलं नव्हतं, आणि मी इतकी लहान आहे हेही मला कोणी इतक्या साध्या शब्दांत सांगितलं नव्हतं. मला चक्क रडू आलं. भावोजी दरीकडे बघत नव्हते, मुलीकडे बघत होते.

झऱ्यापाशी पोचलो तेव्हा उतरती दुपार होती. आधी वास आला, गंधकाचा. मग वाफ. आणि मग ते पाणी. निळं म्हणावं तर निळा शब्द पुरत नाही. मधोमध खोल, काळसर निळं, कडेला हिरवट, आणि इतकं स्वच्छ की तळातल्या कपारी दिसत होत्या. भोवती पांढरी, कोरडी, खवलेखवले झालेली जमीन. त्या जमिनीच्या अलीकडे पांढऱ्या दगडांची एक ओळ मांडलेली होती.

"या स्टोन्सच्या पुढे कोणीही जायचं नाही," देवयानी म्हणाली. आवाज एकदम कडक. "जमीन दिसते, पण जमीन नाहीये. नुसती पापडी आहे. खाली उकळतं पाणी."

असा नियम म्हणजे भावोजींना पक्वान्न. त्यांनी पापडीच्या जाडीबद्दल दोन प्रश्न विचारले, समाधानाने मान हलवली आणि तोच नियम मला नि कांचनला पुन्हा समजावून सांगितला. तेवढ्यात कांचनला त्या उंचीवर गरगरायला लागलं. देवयानी तिला धरून जीपकडे घेऊन गेली. मी कॅमेऱ्यात तोंड घालून बसले.

मान वर केली तेव्हा मला आधी बूट दिसले. दगडांच्या ओळीपाशी नीट जोडीने ठेवलेले, मोजे घडी करून आत. आणि भावोजी ओळीच्या पलीकडे, अनवाणी, त्या पाण्याकडे चाललेले.

त्यांचं गाव संगमेश्वराजवळचं तुरळ. तिथे गरम पाण्याचं कुंड आहे. लहानपणी थंडीत आई त्यांना तिथे न्यायची, आंघोळ घालायची आणि निघताना ओंजळीत पाणी घेऊन डोळ्यांना लावायला सांगायची. हे त्यांनी नंतर सांगितलं. "तो वास आला," ते म्हणाले, "आणि पुढचं मला कळलंच नाही." चपला काढल्याशिवाय त्या पाण्याकडे जायचं नसतं, हे पायांनाच ठाऊक होतं. जगातल्या प्रत्येक पाटीवरची सूचना पाळणारा माणूस, आणि तो तीर्थ डोळ्यांना लावायला निघाला होता.

मी "भावोजी!" म्हणून ओरडले. नको होतं ओरडायला. ते दचकून थांबले, आणि त्यांच्या पायाखाली काहीतरी कडकन वाजलं. तेव्हाच त्यांना कळलं असावं की तळवे भाजताहेत. ते जागच्या जागी थिजले.

देवयानी धावत आली, पण दगडांपाशी येऊन थांबली. एक पाऊलही पुढे टाकलं नाही. लहानपणापासून प्रत्येक वाक्यात इंग्लिश कालवणारी ती पोरगी, पण त्या वेळी तिच्या तोंडून इंग्लिशचा एक शब्द आला नाही.

"बाबा, हलू नका. वळू नका. मी तिकडे येणार नाही, दोघांचं वजन नको. तुमची पावलं उमटलीत, मला दिसताहेत. त्याच पावलांवर मागे यायचं. मी सांगते तसं."

"भाजतंय गं," ते म्हणाले. त्यांचा आवाज मी कधी तसा ऐकला नव्हता.

"माहीत आहे. उजवा पाय मागे. अजून. थोडा आत. टेका. आता डावा."

कांचन जीपपाशी उठून उभी राहिली होती आणि तिने तोंडावर हात दाबून धरला होता. माझ्यासमोर ते निळं पाणी शांतपणे वाफा सोडत होतं. त्याला आमच्यापैकी कोणाचंच काही नव्हतं. देवयानी एकेक पाऊल सांगत होती, घाई नाही, आवाज चढवणं नाही. शेवटच्या पावलाला भावोजींची टाच आत गेली आणि खालून वाफ फुस्सकन वर आली. त्याच क्षणी तिने त्यांचा शर्ट मागून धरला आणि त्यांना अलीकडे ओढलं. दोघंही दगडांवर पडली.

मग तिने त्यांचे पाय गार पाण्याने धुतले, पुन्हा धुतले, मलम लावलं, पट्ट्या बांधल्या. टाचेवर मोठा फोड आला होता, बाकी तळवे लाल झाले होते. देवाने आणि त्या पोरीने राखलं. परतीच्या वाटेवर सडक लागली तेव्हा तिने कॉम्प्रेसर लावून चाकांत हवा भरली, आणि भावोजींनी बघायलासुद्धा मान वळवली नाही. फक्त एकदा ते आपणहून म्हणाले, "काय रंग होता गं पाण्याचा. देवाने तिथे कोणासाठी ठेवलाय?"

देवयानी राहायची त्या लाकडी केबिनपाशी पोचलो तेव्हा अजून उजेड होता. भावोजी पायरीवर बसले, पट्ट्या बांधलेले पाय पुढे करून. ती आत गेली आणि थोड्या वेळाने बाहेर आली ती खांद्यावर बॅग घेऊन. चेहरा पांढराफटक.

"चला," ती म्हणाली. "बाबा, यू वेअर राइट. माझ्या टूरवर माणूस लाइन क्रॉस करतो अँड आय डोन्ट सी. आणि तो माणूस..." तिने त्यांच्या पट्ट्या बांधलेल्या पायांकडे बघितलं. "मी नाही करू शकत हे. मी घरी येते."

कांचनने माझा हात घट्ट धरला. तिला काय हवं होतं ते मला माहीत होतं, दोन वर्षं ती याच वाक्याची वाट बघत होती. भावोजी ज्यासाठी आले होते ते त्यांच्यासमोर बॅग घेऊन उभं होतं. त्यांनी नुसतं "चल" म्हणायचं होतं.

"उद्या कोण आहे तुझ्या गाडीत?" त्यांनी विचारलं.

"व्हॉट?"

"उद्या सकाळी. कोणाला नेणार होतीस?"

"एक फॅमिली. ओहायोहून. टू लिटल किड्स." ती डोळे पुसत म्हणाली. "ऑफिस दुसऱ्या कोणाला तरी देईल."

भावोजींनी तिच्या खांद्यावरचा पट्टा धरला आणि बॅग खाली उतरवून आपल्या शेजारी पायरीवर ठेवली.

"तो दुसरा कोणीतरी त्यांना घेऊन जाईल गं," ते म्हणाले. "परत आणील का? मला तू आणलंस."