पापण्यांवरची सूज

आमच्या ह्यांना सुजेचा ध्यास होता. सोलापुरातल्या आमच्या घरी पुढच्या खोलीत दवाखाना होता आणि मागच्या खोलीत ह्यांचं संशोधन चालायचं. माणसाच्या अंगावर सूज येते ती हृदय थकल्यामुळे की मूत्रपिंड बिघडल्यामुळे, आणि मूत्रपिंड बिघडलं की पाठोपाठ हृदय का मोठं होतं, याचा त्यांना छडा लावायचा होता. गिरणीतले कामगार, हातमागावरचे विणकर, कुंभारी गावाकडून बैलगाडीत निजवून आणलेले शेतकरी, सगळ्यांची लघवी ते काचेच्या नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर धरायचे. ती नितळ राहिली तर ठीक. दूध नासावं तशी पांढरी झाली, तर मूत्रपिंडात बिघाड.

हे सगळं ते मला जेवताना सांगायचे. संध्याकाळी पायांवर दिसते ती सूज बहुधा हृदयाची, सकाळी उठल्याउठल्या डोळ्यांभोवती दिसते ती मूत्रपिंडाची. मला ऐकायला आवडायचं.

त्या उन्हाळ्यात मागच्या गल्लीतल्या एका तेलुगू विणकराच्या बायकोला आमच्याकडे आणलं. पहिलटकरीण होती. तोंड सुजून डोळे मिटलेले. बाकावर निजवलं न निजवलं तोच तिला झटके आले आणि बाळ पोटात असतानाच ती गेली. हे त्या दिवशी जेवले नाहीत. मलाही तेव्हा दिवस गेलेले होते. त्यानंतर ताटावर सुजेच्या गोष्टी निघेनाशा झाल्या. मी घरात वावरत असले की ह्यांची नजर माझ्या पावलांवर असायची.

श्रावण सरता सरता एका सकाळी मी आरशासमोर कुंकू लावायला बसले, आणि माझ्या पापण्या मला जड, फुगीर दिसल्या. झोप नीट झाली नसेल असं म्हणत मी गार पाण्यानं तोंड धुतलं. पुन्हा पाहिलं. मग तशीच मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. ह्यांनी वर पाहिलं, हातातली लेखणी खाली ठेवली आणि लघवीसाठी माझ्याकडे पेला दिला.

इतरांची नळी तापताना मी कितीदा तरी पाहिली होती. त्या दिवशी मात्र ज्योतीवरून माझी नजर हलेना. आधी वरचा थर धुरकटला, मग पांढरा झाला. ह्यांनी नळी ज्योतीवरून बाजूला घेतली.

"बरीच पांढरी झालीय का?" मी विचारलं.

"थोडी झालीय," ते म्हणाले. ती थोडी नव्हती, एवढं मला कळत होतं. मग त्यांनी दंडाला पट्टा बांधून रक्ताचा दाब पाहिला. सोडला, पुन्हा बांधला. पारा कुठवर चढला ते सांगितलं नाही.

मला अंधाऱ्या खोलीत निजवलं. मीठ बंद झालं, दूध तेवढं मिळायचं. दुधनीहून माझ्या आईला, अव्वाला, बोलावून घेतलं. तिला हे बघवेना. ती ह्यांना म्हणाली, "पोटुशी बाईला अळणी घालत्यात व्हय? आमच्याकडं न्हाय बघा अशी रीत."

"अव्वा, मीठ दिलंत तर तुमची लेक जाईल," हे म्हणाले. सासूशी ते असं कधी बोलले नव्हते. त्या दिवसापासून अव्वा स्वतःही अळणीच जेवू लागली.

मला भीती वाटायची ती ह्यांच्या हसण्याची. खोलीत येताना ते हसून यायचे, डोकं दुखतंय का, डोळ्यांपुढे काजवे चमकतात का, ते विचारायचे. एका दुपारी काजवे खरंच चमकले. ते सांगितलं तर ते खरं होईल असं वाटून मी काही वेळ तशीच पडून राहिले. मग हाक मारली.

टांग्यातून बायकांच्या इस्पितळाकडे जाताना त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. मी विचारलं, "त्या विणकराच्या बायकोला असंच झालं होतं का?"

या वेळी त्यांना खोटं बोलता आलं नाही. "हो," ते म्हणाले. "पण तिला आणायला उशीर झाला होता. तू वेळेवर आहेस." बोलताना ते रस्त्याकडे बघत होते.

पुढचं मला आठवत नाही. मलाही झटके आले, दातांत कापड गुंडाळलेला चमचा धरावा लागला, असं अव्वानं नंतर सांगितलं. मुलगी अपुऱ्या दिवसांची झाली, कापसात गुंडाळून ठेवण्याएवढी. मी शुद्धीवर आले तेव्हा सगळं धूसर दिसत होतं. हे उशाशी वाकून माझ्या पापण्या बघत होते. मुलीला त्यांनी तोवर हातात घेतलंच नव्हतं.

सूज लवकर उतरली. नळी मात्र बरेच दिवस गढूळ राहिली. शेवटी एकदा ती नितळ निघाली, तेव्हा विश्वास न बसून त्यांनी दुसरी नळी भरून पुन्हा तापवली.

मुलगी जगली. दुसरं मूल आम्ही होऊ दिलं नाही. अव्वा फार मागे लागली म्हणून मी एकदा ह्यांच्यापाशी विषय काढला. ते म्हणाले, "मला पुन्हा तेवढं भिता येणार नाही."

मीही परत विचारलं नाही.