किसनच्या डोक्यावरचा पटका

आमी गाव सोडलं त्या सकाळी आमच्या दारात कोन कोन व्हतं ते आदी सांगती. मी व्हते, माज्या कडंवर दीड वरसाची तानू, माजी सासू, शेजारचा किसन आन त्याची बायकू सोनाबाई. आमचं मालक न्हवतं. ते पलटनीत जाऊन वरीस झालं व्हतं.

वडूजच्या अलीकडं आमचं कोरडं रान. दोन सालं पानी न्हाई. सासू म्हनली, "बाप्या मानूस घरात न्हाई, काय खायाचं हितं? चल माज्या भावाकडं, पलूसला." गाडीत मावंल तेवढं घेतलं. जातं, पितळंची दोन पातेली आन मालकांची ट्रंक किसनकडं ठिवली. ट्रंकंत त्यांचा लगनातला पटका व्हता. लालभडक, जरीच्या काठाचा.

आता माजी चूक सांगती. माज्या सासूची रीत अशी, की बाप्या परमुलखात असला तर त्याचा पटका घडीत पडू द्यायचा न्हाई. दसऱ्याला कुना बाप्यानं तो बांदायचा. म्हंजी धनी जित्ता हाय. आमच्यात दुसरा बाप्या कुटला? म्हनून मीच म्हनलं, "भावजी, दसऱ्याला येवढा बांदत जावा. रिकामा ठिवू नगा."

"व्हय वैनी, त्यात काय," किसन म्हनला.

पलूसला आमी लोकाच्या रानात तंबाकू खुडली. सासू रोज म्हनायची, "लडाई संपू दे, मग आपन घरला जाऊ." लडाई संपली. आन मग तार आली. पोस्टमननंच वाचून दावली. मालक बरमाच्या लडाईत मारलं गेलं, येवढंच. मयत मिळालं न्हाई, काय न्हाई. मयत न्हाई तर पिठाचा मानूस करून जाळा, वर त्यांच्या अंगचं कापड घाला, असं समद्यांनी सांगितलं. त्यांचं कापड व्हतं ते त्या ट्रंकंत. सासू म्हनली, "माज्या लेकाला उगडा जाळू नगं. पटका घिऊन ये."

मी निगाले. थोडं मोटारीनं, थोडं पायी. सोनाबाई दारात जवारी पाखडत व्हती. बस म्हनली न्हाई. "आलासा व्हय? आमाला वाटलं, कृष्णंचं पानी लागलं, आता कशाला येतायसा."

तेवड्यात किसन परड्यातनं आला. पटका त्याच्या डोक्याला. दसरा न्हाई, सण न्हाई. घामानं काळा पडल्याला, जर निगाल्याली.

मी म्हनलं, "भावजी, जातं ऱ्हाऊ द्या, पातेली ऱ्हाऊ द्या. येवढा पटका द्या. मालक गेलं. त्यांच्या पुतळ्यावर घालायचा हाय."

तो म्हनला, "वैनी, तुमीच बांदा म्हनलासा. पाच वरसं बांदतूय. मी जित्ता मानूस. माज्या डोक्यावरचं काडून मड्यावर घालनार?"

सोनाबाई सूप टाकून उटली. "आवं, माज्या कुकवावर नगा उटू!"

मला कपाळ पुसून तीन आटवडं झालं व्हतं.

माज्याच तोंडानं मी सांगितलं व्हतं. तिनं पातेली आनून उंबऱ्याभाईर आदळली. ट्रंकंचं, जात्याचं कुनी नाव काडलं न्हाई. मीबी न्हाई.

पलूसला आले. सासूनं माज्या हातातली पातेली बगितली आन कायबी न इचारता आपलं लुगडं फाडलं. त्यात आमी मालकांना गुंडाळलं आन जाळलं. आय हुती ती, रडली न्हाई. त्या दिसापास्नं जेवान मातर तिनं कवा मागून घेतलं न्हाई.

आता मी सांगलीत तानूकडं असती, तिसऱ्या मजल्यावर. नळ हाय, गॅस हाय, लिफ्ट हाय. लोक इचारत्यात, "आज्जी, गाव कंचं?" मी पलूस म्हनती. वडूजकडच्या आमच्या गावाला मी परत गेले न्हाई. घर म्हनलं की भिंती याद येत न्हाईत मला, चूल न्हाई. दुसऱ्याच्या डोक्यावरचा तो पटका दिसतोय.

किसन आन सोनाबाई कवाच गेली. त्यांच्यावर माजा राग न्हाई. त्यांची नातवंडं म्हनं पुन्याला, मुंबईला हायती. त्यातलं कुनी हे वाचत असलं तर बाळांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वाकळंत, गोधडीत, लाल चिंधी शिवल्याली हाय का बगा. आमच्याकडं फाटकं कापड शेवटी वाकळंतच जातं. आता ती कुनाच्या डोक्यावर न्हाई, तवा अपशकून हुनार न्हाई. बोटायेवढी असली तरी उसवा आन मला द्या. माज्यासंगं जाळायची हाय.