जागेचा रकाना

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे बंगळूरला सर जे सांगत ते मला छापल्यासारखं खरं वाटे. ते म्हणाले, जैवविविधतेचा करार झालाय, देशोदेशींनी सह्या केल्यात. गावोगावच्या झाडपाल्याची नोंद झाली की बाहेरचं कुणी त्यावर हक्क सांगू शकणार नाही. मला सर्जापूर रोडकडच्या एका खेड्यात पाठवलं, कारण तिथे कावीळ उतरवणारी अक्का घरात मराठी बोलायची.

औषध कुणाला सांगितलं की त्याचा गुण जातो, अशी तिच्या घरची रीत. तीन खेपा ती गप्पच राहिली. चौथ्या खेपेला मी तिला कराराचं सगळं सांगितलं.

"म्हंजे दिल्लीवाले माझ्या झाडाला राखण बसवणार?"

"दिल्लीच नाही अक्का, सगळं जग."

ती हसली. "जगाला कावीळ झाली काय रे तम्मा? सरी, बरं तर, चल."

तळ्यामागच्या खडकाच्या कपारीत काविळीची वेल होती. तेवढ्या एकाच जागी. वाटेत तिने आणखी पाच झाडं दाखवली. "माझं नाव मात्र घालू नको," म्हणाली.

मी तिचा मान राखला. नोंदवहीत सांगणाऱ्याच्या नावाचा रकाना कोरा सोडला. जागेचा मात्र मन लावून भरला: तळं, बांध, खडक, बांधापासून किती पावलं.

पुढच्या वर्षी गेलो तर कपारीत नुसती उकरलेली माती. वहीच्या प्रती कुठे कुठे गेल्या होत्या. कुणी वाचून आलं, की माझ्या मागोमाग आलं, मला आजही ठाऊक नाही. सरांना विचारलं, तक्रार करता येईल का? त्यांनी वहीतलं ते पान काढलं. "सांगणाऱ्याचं नावच नाही. कुणाच्या वतीने करायची?"

अजूनही कुठलाही फॉर्म भरताना जागेच्या रकान्याशी माझा हात अडतो.

कपार उकरलेली दिसली त्या दिवशी अक्काच्या ओट्यावर एक बाई पिवळ्या डोळ्यांचं मूल घेऊन बसली होती. अक्काने तिला मोठ्या दवाखान्याची बस सांगितली. मग माझ्यापुढे तांब्या ठेवला.

"स्वल्प पाणी पी. बाकीची झाडं नाही ना लिहिलीस?"

पाचही त्याच वहीत होती, पावलांसकट.

"नाही," मी म्हणालो.

तिने मान डोलावली, आणि मला सोडायला बसपर्यंत आली.