निवाडा जिंकल्यानंतर

निवाडा आमच्या बाजूने लागला त्या दिवशी यांनी सदर बाजारातून पेढे आणून गल्लीभर वाटले. उरला नावाच्या औद्योगिक वसाहतीत आमचा छोटा कारखाना होता. तिथे धान भरडायची यंत्रं बनायची. परदेशातल्या एका व्यापाऱ्याने यंत्रं नेली आणि खुसपटं काढून पैसे अडवले. मधे त्याने निम्म्यावर तडजोड देऊ केली होती. हे म्हणाले, हक्काचे आहेत, भीक नको. मग सिंगापूरला लवादापुढे भांडून त्याला हरवलं.

सुनावण्या चालू असतानाच त्याच्या देशावर आर्थिक निर्बंध लागले. आम्ही बातमी ऐकली आणि विसरलो. भाताच्या यंत्रांचा त्या राजकारणाशी काय संबंध!

आता तो मुकाट पैसे द्यायला तयार होता आणि पैसेच येईनात. आमच्या बँकेच्या तेलीबांध्यातल्या नव्या शाखेतल्या मॅडमनी समजावलं, डॉलर वाटेतल्या एका विदेशी बँकेमार्फत येतात आणि ती बँक त्या देशाचं नाव दिसताच ते परत पाठवते. वकील म्हणाले, निवाडा पक्का आहे, इथल्या कोर्टातही चालेल. पण भारतात त्याची जप्त करायला साधी खुर्चीही नाही. निर्बंध असतानाही पैसे घेता यावेत म्हणून परवानगीसाठी अर्ज केला, तो नुसता पडून राहिला.

यांचा पाय घरात ठरेना. भरल्या ताटावरून उठायचे, मोबाईल पाहायचे, स्कूटर काढून बँकेत जायचे. मला राग यायचा, पण काढायचा कोणावर? हरलो असतो तर रडून मोकळी झाले असते. कच्चा माल घ्यायला पैसा नव्हता, म्हणून कारखाना बंद. बीरगांवचे कामगार दारात येऊन कारखाना कधी उघडणार ते विचारायचे, "भैया, कब खुलही?"

एका दुपारी त्या व्यापाऱ्याचाच फोन आला. दुबईतल्या ओळखीच्या माणसाच्या नावाने पाठवू का, असं विचारत होता. हे फोन धरून येरझाऱ्या घालायला लागले.

"घेऊन टाका ना, आपलेच तर आहेत," मी म्हटलं.

"अन् बँकेला कळून तिनं खातंच बंद केलं तर? मग इथलं गिऱ्हाईक तरी काहून येईल?" हे म्हणाले, आणि त्याला नाही सांगितलं.

पुढच्या महिन्यात कारखान्यातली लेथ मशीन विकली. भंगारवाल्याने ती टेम्पोत चढवली आणि उभ्या उभ्या नोटा यांच्या हातात दिल्या. हे त्या तशाच धरून उभे राहिले.

"पाहून राहिली का?" मला म्हणाले. "पैसे असे येतात."