वांगणीचा उतारा

मी इंग्रजी शिकवते असं सांगितलं की समोरच्याला माझ्याबद्दल आदर वाटतो. मलाही वाटायचा. अलीकडे त्यात थोडी लाज मिसळली आहे, आणि त्याला कारण दहा वाक्यांचा एक उतारा आहे.

आमची शाळा अंबरनाथला, मोरिवलीच्या अलीकडे, एमआयडीसीच्या कडेला आहे. माध्यम इंग्रजी, पण ते फळ्यापुरतं. पोरं हिंदीत भांडतात, मराठीत रडतात आणि बाथरूमला जायचं असलं की तेवढ्यापुरती इंग्रजीत येतात. मी पाचवीला इंग्रजी शिकवते. सकाळी बेलवलीहून स्कूटीवर निघते, घंटेच्या आधी पाच मिनिटं पोचते आणि उशिरा येणाऱ्यांकडे असं बघते की त्यांनी जन्मात पुन्हा उशीर करू नये. माझ्या विषयात कोणी नापास होत नाही, अशी माझी ख्याती होती. दुसऱ्या वर्गांच्या टीचर मला विचारायच्या, ‘तुमचं गुपित काय?’ मी नुसतं हसायचे.

गुपित साधं होतं. उतारा वाचून उत्तरं लिहा, हा प्रश्न आला की काय करायचं ते मी जूनमध्येच पाठ करून घ्यायचे. प्रश्नातला मोठा शब्द पकडा. तो उताऱ्यात शोधा. ज्या वाक्यात सापडेल ते वाक्य पहिल्या अक्षरापासून पूर्णविरामापर्यंत उतरवा. पकडा, शोधा, उतरवा. पोरं हे पाढ्यासारखं म्हणायची. उतारा सिंहाबद्दल आहे की साबणाबद्दल, याच्याशी कोणाला काही देणंघेणं नसायचं.

माहितीपर लेखनाचं त्याहून सोपं. ‘माय स्कूल’ दहा ओळी, फळ्यावर माझ्याच अक्षरात. त्यातली चौथी ओळ, आमच्या शाळेला मोठी बाग आहे. आमच्या शाळेला एक अशोकाचं झाड आहे आणि त्याच्या बुंध्याशी गळका नळ. तरी दरवर्षी वर्गातले बेचाळीस जण ती बाग लिहायचे आणि मी दरवर्षी तिला दहापैकी आठ मार्क द्यायचे.

तपासायचीही माझी पद्धत होती. उत्तरसूचीत प्रत्येक उत्तराचा एक शब्द अधोरेखित करायचा. पोरांच्या उत्तरात तो शब्द दिसला की टिक, नाही दिसला की काट. कुकरच्या तिसऱ्या शिट्टीपर्यंत माझा अर्धा गठ्ठा व्हायचा. या वेगाचा मला अभिमान होता, हे आता लिहिताना बोटं अडखळतात.

गेल्या वार्षिक परीक्षेचा उतारा मीच लिहिला होता. एक मुलगा आजोबांबरोबर शेत बघायला वांगणीला जातो, एवढीच गोष्ट. कागद वाचवायची मला भारी हौस, म्हणून पान उभं दुमडून मी पाच वाक्यं डावीकडे आणि पाच उजवीकडे लिहिली, एका ओळीत एक वाक्य. तो कागद उल्हासनगरला, जिथे आमच्या शाळेचे पेपर टाइप होतात, त्या दुकानात दिला. दुकानातले काका सिंधी, स्वभावाने चोख. त्यांनी समोर दिसलं तसं टाइप केलं, म्हणजे डावीकडून उजवीकडे, आडवं. ‘मॅडम, एक बार देख लो,’ असं ते म्हणालेही. मी स्पेलिंगं बघितली. सगळी बरोबर होती.

तर छापून आलेली गोष्ट अशी. मुलगा सकाळी लवकर उठला. ते वांगणीला उतरले. आईने डबा भरला. आजोबांनी त्याला भाताचं शेत दाखवलं. तो आजोबांबरोबर स्टेशनवर गेला. तो आंब्याच्या झाडाखाली बसला. त्यांनी तिकिटं काढली. त्याने डबा खाल्ला. गाडी आली. तो घरी जाऊन झोपला.

परीक्षेच्या दिवशी मी वर्गात दीड तास येरझाऱ्या घालत होते. एकाही पोराने हात वर केला नाही. पेपर तपासून झाले, एक्केचाळीस जणांना उताऱ्याला पैकीच्या पैकी. आईने काय भरलं? डबा, टिक. कुठे उतरले? वांगणी, टिक.

उरलेल्या एका पेपरात पाचच्या पाच काट. ती मुलगी दुसऱ्या बाकावर बसायची. अबोल, दोन वेण्या, पेन्सिल चावायची सवय. तिच्या एकाही उत्तरात माझा अधोरेखित शब्द नव्हता. निबंधातही तिने बाग लिहिली नव्हती, नळ लिहिला होता, तोही गळका. मी त्याला तीन दिले. एकूण बेरीज पासच्या खाली गेली. तोंडातल्या तोंडात ‘वर्षभर काय करत होती ही!’ म्हणाले आणि पुढचा गठ्ठा ओढला. वर्षानुवर्षांचा माझा शंभर टक्के निकाल या पोरीने मोडला, याचाच राग जास्त आला होता.

पूर्वी असं झालं तरी पोरं वरच्या वर्गात जायची. आता पाचवीला तसं नाही. नापास झालं की फेरपरीक्षा, आणि तीही गेली की पुन्हा पाचवी.

पेपर दाखवायच्या दिवशी तिची आई आली. एमआयडीसीतल्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. अर्ध्या दिवसाची रजा टाकून, कंपनीच्या निळ्या एप्रनवरच आली होती. लेक तिच्या मागे, मान खाली. आई म्हणाली, ‘मॅडम, मी सरळ सांगते. ही फेल झाली ना, तर मी हिला इथून काढणार. तेच वर्ष परत इथे नाही करायचं. वांगणीला माझी आई आहे, तिच्याकडे ठेवते, तिथल्या शाळेत टाकते. बोलून पण ठेवलंय. दोन दिवस झाले, नुसती रडतेय, जेवत नाही. पण मी एकटी कुठे कुठे बघू?’

मी नेहमीचं वाक्य काढलं. अभ्यासात लक्ष नाही, उतारा वाचतच नाही.

‘मग हे काय लिहिलंय एवढं?’ आईने पेपर माझ्यापुढे धरला. ‘मला इंग्लिश नाय येत. तुम्ही जरा मराठीत सांगा ना मॅडम, हिने काय गडबड केली ते. मी घरी घेईन करून.’

आता आली का पंचाईत! मराठीत सांगायचं तर आधी वाचायला हवं होतं. मी वाचू लागले. पहिला प्रश्न, आईने काय भरलं? तिचं उत्तर: ‘मदर कॅन नॉट पॅक. दे आर ऑलरेडी इन वांगणी.’ मी सांगितलं, ‘ही म्हणते, आई डबा भरूच शकत नाही, ते तर वांगणीला पोचलेत.’ दुसरा प्रश्न, ते कुठे उतरले? ‘आय गो देअर. फर्स्ट तिकीट, देन ट्रेन, देन गेट डाउन.’ मी म्हणाले, ‘ही म्हणते, मी तिथे जाते, आधी तिकीट काढावं लागतं.’ बोलता बोलता माझा आवाज खाली येत होता. शेवटच्या उत्तरात तिने लिहिलं होतं, टीचर, ही गोष्ट उलटसुलट आहे, प्लीज चेक.

‘आणि गोष्ट काय आहे?’ आईने विचारलं.

मी छापलेला उतारा मराठीत सांगितला. उठला. उतरले. डबा भरला. शेत दाखवलं. स्टेशनवर गेला. तिकिटं काढली. आईच्या कपाळावर आठी पडली.

‘मग बरोबरच बोलतेय की ती.’

एक अक्षर इंग्रजी न येणाऱ्या बाईला जे अर्ध्या मिनिटात कळलं, ते मला बेचाळीस पेपर तपासून कळलं नव्हतं. तिथल्या तिथे म्हणायला हवं होतं, ताई, चूक माझी आहे. दारात आणखी चार पालक उभे होते. मी म्हणाले, ‘मी बघते.’ आणि पेपर दुमडून पर्समध्ये टाकला. ही गोष्ट मला त्या सगळ्या काटांपेक्षा जास्त लागते.

मोठ्या मॅडमकडे मात्र मी लगेच गेले. त्यांनी उतारा वाचला, आधी पोट धरून हसल्या, मग दार लावून घेतलं. ‘पेपर रद्द केला तर एक्केचाळीस घरचे लोक माझ्या टेबलावर येतील,’ त्या म्हणाल्या. ‘निकाल वर पाठवून झालाय. आता एकच रस्ता आहे, तिची फेरपरीक्षा घ्या. तुमच्याच हातात आहे ना पेपर? द्या पास करून.’

‘तिने पास होण्यासारखंच लिहिलं होतं.’

‘मग पुन्हा लिहील. पण दया म्हणून मार्क नकोत हं, कोणी विचारलं तर कागद दाखवता आला पाहिजे.’

मला मॅडमचा राग आला, आणि राग यायचा आपल्याला हक्क नाही हेही कळलं. म्हणजे बरोबर लिहिलं तिने, आणि मे महिन्यात पुन्हा परीक्षेला बसायचं तेही तिनेच.

फेरपरीक्षेचा उतारा मी एकाच रांगेत लिहिला आणि तीनदा वाचला, एकदा मोठ्याने. प्रश्न सगळे ‘का’चे ठेवले, म्हणजे पकडा-शोधा-उतरवाला जागाच नको. निबंधाला विषय दिला, शाळेतून तुझ्या घरी कसं यायचं ते मला सांग. रिकाम्या वर्गात ती एकटी दुसऱ्या बाकावर बसली. वर पंखा खडखडत होता. ती पेन्सिल चावत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला परीक्षेची भीती वाटत होती.

उताऱ्याची उत्तरं मोडक्या इंग्रजीत होती पण चोख होती. निबंधापाशी मी अडले. याला उत्तरसूची नव्हती, कुठल्या शब्दाखाली रेघ मारणार? लिहिलेलं बरोबर की चूक, हे तपासायचा एकच मार्ग होता. मी स्कूटी शाळेतच ठेवली आणि तिचा कागद हातात धरून चालायला लागले.

तिने लिहिलं होतं, गेटमधून बाहेर पडा, सगळी मुलं जातात तिकडे जाऊ नका. मी नाही गेले. औषधाचा वास येईपर्यंत सरळ चाला, वास आला की डावीकडे. वास आला, भर उन्हात नाकावर पदर धरून मी डावीकडे वळले. पुढे, निळी टाकी आता तिथे नाही पण सगळे निळी टाकीच म्हणतात, म्हणून निळी टाकी विचारा. पंक्चरवाल्याला विचारलं. ‘ये क्या, सामने तो है,’ म्हणून त्याने मोकळ्या जागेकडे बोट दाखवलं. पुढची ओळ, कुत्रा झोपला असेल तर जा, कुत्रा उभा असेल तर थांबा आणि कोणत्याही अंकलची वाट बघा. कुत्रा उभा होता. चांगला उभा होता. मी, पाचवीची कडक टीचर, भिंतीला चिकटून दहा मिनिटं कोणत्याही अंकलची वाट बघत राहिले. शेवटी एक आले, भाजीची पिशवी घेऊन, आणि मी त्यांच्या सावलीतून पलीकडे गेले.

शेवटची ओळ होती, गुलाबी दार, पण पहिलं नाही, पहिलंपण गुलाबी आहे, दुसरं; आई चारनंतर घरी असते. सव्वाचार झाले होते. मी दुसरं गुलाबी दार वाजवलं. ‘ग्रामर फार चुकलंय’ असं मी मनात म्हणत होते आणि हसत होते.

दार मुलीनेच उघडलं. माझ्या हातात तिचा कागद बघितला आणि पहिलं विचारलं, ‘टीचर, कुत्रा उभा होता?’

आई आतून धावत आली. मला बघून तिचा चेहराच उतरला. ‘काय झालं मॅडम? परत फेल झाली का?’ भिंतीवर निळ्या कोटातला फोटो होता, त्याखाली कपड्यांची एक बॅग भरून ठेवलेली. तिकडे मला बघवेना.

‘पास झाली,’ मी म्हणाले. ‘सहावीत गेली.’

आई मटकन खाली बसली आणि एप्रनने डोळे पुसायला लागली. आता दारात दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे पळवाटही नव्हती. मी सांगून टाकलं. ‘ताई, त्या दिवशी तुम्ही म्हणालात ते खरं होतं. पेपरच चुकीचा छापला होता. हिने बरोबर लिहिलं होतं. मी नापास केलं, माझ्या चुकीने.’

मुलगी माझ्याकडे एकटक बघत होती. ‘पण टीचर, मी लिहिलं होतं ना त्याच्यात, प्लीज चेक म्हणून. तुम्ही वाचलं नव्हतं?’

‘ए, गप,’ आई ओरडली. ‘टीचरला असं विचारतात का?’

‘विचारू दे,’ मी म्हणाले. ‘नाही गं. नव्हतं वाचलं.’

मला वाटलं ती चिडेल. चिडली असती तर बरं वाटलं असतं. ती जरा विचारात पडली, मग पाण्याचा ग्लास माझ्यापुढे धरत, समजूत घालावी तशी म्हणाली, ‘जाऊ दे ना टीचर. आमच्या वर्गात पण कुणीच नव्हतं वाचलं.’